नट किती आवळावा? टॉर्क पान्याचा वापर आणि निगा

भुसावळ म्हटले की प्रथम रेल्वे डोळ्यांपुढे येते. मध्य रेल्वेचे हे मोठे जंक्शन असून विद्युत इंजिनांची देखभाल करणारी शेड आणि त्यांची मोठी दुरुस्ती करणारा कारखाना येथे आहे. आगगाडीच्या इंजिनाचा महत्त्वाचा बोल्ट 'हाताला घट्ट लागला' एवढ्यावर सोडून देता येत नाही. तो किती आवळावा याचा आकडा ठरलेला असतो आणि त्या आकड्याप्रमाणे मोजूनच तो आवळावा लागतो. त्याच भुसावळच्या आसपास, तापी व वाघूर या नद्यांच्या काठी आणि पुढे यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, रोटाव्हेटर व पंप वर्षभर राबत असतात. त्यांचे नट-बोल्ट मात्र बहुधा अंदाजाने आवळले जातात. कोणी हाताच्या जोरावर विसंबतो, कोणी पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून वर उभा राहतो.

या अंदाजाची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागते. केळीचे घड भरलेली ट्रॉली रस्त्यावरून जात असता चाकाचे नट सैल झाले तर माल तर जातोच, पण चालकाच्या व वाटसरूंच्या जिवावरही बेतते. मृगबागेच्या लागवडीसाठी जमीन तयार करण्याच्या घाईत ट्रॅक्टरच्या हेडखालील गॅस्केट फुटले तर ऐन हंगामातील दिवस वाया जातात. पंपाच्या शोषण नळीचा जोड सैल राहिला तर त्यातून हवा आत ओढली जाते, पाणी कमी पडते आणि उन्हाळ्यातील केळी पाण्यावाचून थांबू शकत नाही. या तिन्ही आपत्तींचे एक समान कारण म्हणजे जरुरीपेक्षा कमी, अधिक अथवा असमान आवळलेला बोल्ट. हे टाळण्याचे साधन म्हणजे टॉर्क पाना होय. तथापि हा पाना हे निव्वळ अवजार नसून एक माप आहे. ज्याप्रमाणे वजनकाटा हाताळावा व जपावा, त्याचप्रमाणे हा पाना हाताळला व जपला तरच त्याने दाखविलेला आकडा खरा असतो.

बोल्ट आवळताना काय घडते?

कडब्याची गाडी भरल्यावर नाडा आवळतात. नाडा सैल राहिला तर पेंढ्या हलून भार घसरतो आणि फाजील ताणला तर तुटतो. बोल्टाचेही तसेच आहे. नट फिरवला म्हणजे बोल्ट किंचित लांब होतो. तो एखाद्या कडक स्प्रिंगप्रमाणे परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ही ओढ कमी असेल तर कंपनाने भाग सरकू लागतात, नट सैल होतो अथवा बोल्ट वारंवार वाकून थकतो व तुटतो. ओढ फार झाली तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे ओरबाडले जातात किंवा डोके निखळते. म्हणून 'जितका घट्ट तितका चांगला' हा समज चुकीचा आहे.

नट फिरविणाऱ्या जोरास टॉर्क म्हणतात. यासच आघूर्ण असेही म्हणतात. लावलेले बल आणि नटाच्या मध्यापासून हातापर्यंतचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. एखाद्या माणसाने ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यास २५ किलो जोर लावला तर टॉर्क ७.५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ७४ न्यूटन-मीटर होतो. त्याच माणसाने तेवढाच जोर एक मीटर लांबीच्या नळीवर लावला तर टॉर्क २५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २४५ न्यूटन-मीटर होतो. हाताला श्रम सारखेच वाटतात, परंतु बोल्टावर तिपटीहून अधिक जोर पडलेला असतो. हात का फसतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

मोजून आवळण्याची गरज प्रथम पाण्याच्या नळांच्या कामातही भासली, ही गोष्ट शेतकऱ्यांस जवळची वाटेल. टॉर्क पान्याच्या इतिहासात अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बाहर यांचे नाव घेतले जाते. मोठ्या नळांच्या जोडांवरील बोल्ट फाजील आवळले जाऊ नयेत या हेतूने त्यांनी असा पाना योजला. त्यांच्या सुधारित पान्यास १९३७ मध्ये तेथील एकस्व मिळाले.

पान्याचे प्रकार

पहिला प्रकार दांडीचा. यात एक जाड दांडी जोर लावल्यावर किंचित वाकते आणि शेजारची सुटी काडी पट्टीवरील आकडा दाखविते. हा पाना स्वस्त व साधा असून सहसा बिघडत नाही. जोर नसताना काडी शून्यावर आहे ना हे पाहावे. ती सरकली असल्यास अलगद वाकवून शून्यावर आणता येते. आकडा समोरून, सरळ रेषेत वाचावा. बाजूने पाहिल्यास तो चुकीचा दिसतो.

दुसरा प्रकार आवाजाचा. यात मूठ फिरवून हवा तो आकडा लावतात आणि तितका टॉर्क झाला की आतील स्प्रिंगची योजना सुटून 'टक्' असा आवाज येतो व हाताला हिसका जाणवतो. कामासाठी हा सोयीचा असल्यामुळे गॅरेजमध्ये तोच अधिक आढळतो. परंतु त्याची अचूकता स्प्रिंगवर अवलंबून असल्यामुळे त्यास अधिक जपावे लागते. याखेरीज तबकडीचे व विद्युत आकड्यांचे पानेही मिळतात.

पाना विकत घेताना त्याची मर्यादा पाहावी. आवाजाचा पाना त्याच्या कमाल आकड्याच्या पाचव्या हिश्शाखाली वापरू नये. २०० न्यूटन-मीटरचा पाना ४० च्या वरच्या कामासच घ्यावा. लहान बोल्टांसाठी लहान पाना वेगळा ठेवावा.

आकडा कोठून घ्यावा?

आकडा यंत्राच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा. दोन ट्रॅक्टर दिसावयास सारखे असले तरी त्यांच्या बोल्टांचे आकडे सारखे असतीलच असे नाही. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून ती मागवून घ्यावी. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा वापरू नये.

आकड्यापुढील एकक काळजीपूर्वक वाचावे. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर आणि १ फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. पुस्तिकेत १०० न्यूटन-मीटर असताना पान्याच्या फूट-पौंडाच्या पट्टीवर १०० लावले तर बोल्ट सुमारे ३६ टक्के अधिक आवळला जाईल. अनेक पान्यांवर दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात, म्हणून ही चूक सहज घडते.

आटे कोरडे असावेत की तेल लावलेले, हेही पुस्तिकेत पाहावे. नट फिरविण्यास लागणाऱ्या टॉर्कच्या दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग आट्यांतील व नटाखालील घर्षणात खर्च होतात. बोल्ट ताणण्यास सुमारे एकच भाग उरतो. आट्यांस तेल लावले की घर्षण घटते आणि तेवढ्याच आकड्याला बोल्ट कितीतरी अधिक ताणला जातो. उलट, आट्यांत काळ्या मातीचा गाळ किंवा गंज असेल तर पाना 'टक्' म्हणतो, पण बोल्टात पुरेशी ओढ आलेली नसते. अशा वेळी पाना खरा असूनही काम खोटे होते. यास्तव आवळण्यापूर्वी आटे तारेच्या ब्रशाने साफ करावेत आणि चाकाच्या तबकडीवरील माती व सुटलेल्या रंगाच्या खपल्या पुसून काढाव्यात. पुस्तिकेत सांगितले नसल्यास चाकाच्या बोल्टांस तेल अथवा ग्रीस लावू नये.

आवळण्याची रीत

१. आवाजाचा पाना बराच काळ पडून असेल तर आरंभी तो कमी आकड्यावर लावून तीन-चार वेळा 'टक्' करावा, म्हणजे आतील वंगण सारखे पसरते.

२. नट प्रथम हाताने व नंतर साध्या पान्याने बसवावा. टॉर्क पाना केवळ शेवटच्या आवळणीसाठी वापरावा.

३. पाना नेहमी मुठीच्या मध्यावर धरावा. आकडा त्या अंतरासाठी ठरविलेला असतो. दांड्यास नळी जोडू नये.

४. पाना बोल्टाशी काटकोनात ठेवून संथपणे, एकसारखा ओढावा. झटका दिल्यास आकडा ओलांडला जातो.

५. 'टक्' होताच थांबावे. खात्रीसाठी पुन्हा एक-दोनदा ओढण्याची सवय घातक आहे. प्रत्येक जादा ओढीने बोल्ट ठरलेल्या मर्यादेपलीकडे जातो. लहान आकड्यावर आवाज बारीक येतो. ट्रॅक्टर चालू असलेल्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या जाणिवेकडे लक्ष द्यावे.

६. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत. प्रथम निम्म्या आकड्याने सर्व, मग पाऊण आकड्याने सर्व व शेवटी पूर्ण आकड्याने सर्व नट आवळावेत. नळाच्या जोडांनाही हाच क्रम लावावा, म्हणजे गॅस्केट एका बाजूस चेपले जाणार नाही.

७. इंजिनच्या हेडचे बोल्ट पुस्तिकेतील क्रमानेच, सामान्यतः मध्यापासून बाहेरच्या दिशेस, टप्प्याटप्प्याने आवळावेत. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसल्यास इंजिन थंड असावे. काही नव्या इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट ठरावीक अंशांनी फिरवावयाचा असतो व असे बोल्ट पुष्कळदा पुन्हा वापरावयाचे नसतात. हे काम जाणत्या मेकॅनिकवर सोपवावे.

८. चाक काढून पुन्हा बसविल्यावर पहिल्या काही तासांच्या कामानंतर नट पुन्हा तपासावेत. नवे भाग एकमेकांवर बसले की ओढ थोडी कमी होते. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट पऱ्हाटीच्या बुडख्यांवर व दगडांवर सतत हादरे खातात, म्हणून कामापूर्वी ते रोज पाहावेत.

तपासणीविषयी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. आधीच आवळलेल्या नटास पाना लावला आणि नट न हलता 'टक्' झाले, तर तो नट ठरलेल्या जोरापेक्षा सैल नाही एवढेच कळते. तो फाजील आवळलेला असेल तर ते कळत नाही. शंका असल्यास ट्रॅक्टर सपाट जमिनीवर उभा करून, चाकांस उटी लावून, एका वेळी एकच नट सैल करावा, आटे पाहावेत व तो पुन्हा मोजून आवळावा.

अडचणीच्या जागी पान्याच्या टोकास आडवा जोड लावून लांबी वाढवावी लागली तर आकडा बदलावा लागतो. पान्याच्या चौकोनी टोकापासून मुठीच्या मध्यापर्यंत ४० सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढे सरळ रेषेत १० सेंटिमीटरचा जोड लावला, असे समजू. हवा असलेला टॉर्क १०० न्यूटन-मीटर असेल तर १०० ला ४० ने गुणून ५० ने भागावे. पाना ८० वर लावला म्हणजे बोल्टावर १०० चा टॉर्क पडेल. सॉकेटखालील उभ्या दांड्याने लांबी वाढविल्यास मात्र हा हिशेब करावा लागत नाही.

पान्याची निगा

टॉर्क पान्याने गंजलेला नट कधीही सोडवू नये. सोडविण्याच्या वेळी लागणारा जोर पुष्कळदा पान्याच्या मर्यादेबाहेर असतो. त्यासाठी साधा मजबूत पाना वापरावा. टॉर्क पान्याचा हातोडा करू नये व तो जमिनीवर आपटू देऊ नये. एकदा उंचावरून पडलेला पाना बाहेरून धडधाकट दिसला तरी तपासणीवाचून पुन्हा वापरू नये.

काम संपताच आवाजाच्या पान्याचा आकडा पट्टीवरील सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा. स्प्रिंग आठवडेच्या आठवडे दाबलेली राहिली तर तिचा जोर ढळतो. मात्र मूठ सर्वांत खालच्या खुणेखाली फिरवू नये, कारण त्याने आतील भाग जागचे हलतात.

पाना कोरड्या फडक्याने पुसून त्याच्या पेटीत ठेवावा. तो रॉकेलात अथवा डिझेलात बुडवून धुऊ नये. त्याने आतील वंगण निघून जाते व घर्षण बदलते. उत्पादकाने सांगितलेल्या जागेखेरीज अन्यत्र तेल घालू नये.

खानदेशातील उन्हाळ्याचाही विचार करावा. भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या पेटीत उष्णता त्याहून अधिक असते. पान्याचे प्रमाणन सामान्यतः १८ ते २८ अंश तापमानात केले जाते. म्हणून पाना ट्रॅक्टरच्या पेटीत न ठेवता घरात अथवा औजार बँकेच्या खोलीत ठेवावा आणि तापलेला असल्यास काही वेळ सावलीत ठेवून मगच वापरावा. विद्युत पान्याच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी.

खरेपणाची परीक्षा

बाजारात केळी किंवा कापूस विकताना शेतकरी वजनमापावरील शिक्का पाहतो. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक वजनमापे स्वीकारली आणि आजही व्यापारातील काटे व वजने वैधमापनशास्त्र विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागतात. टॉर्क पान्यासही अशीच तपासणी लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार, उत्पादकाने वेगळे सांगितले नसल्यास, वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापर झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, पाना प्रमाणित करून घ्यावा. १० न्यूटन-मीटरहून मोठ्या आवाजाच्या पान्यात ४ टक्क्यांपर्यंतची कमी-अधिक चूक मान्य समजली जाते. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून हे काम करून प्रमाणपत्र घ्यावे.

दोन प्रमाणनांच्या मधल्या काळात गावातच एक साधी परीक्षा घेता येते. पान्याचे चौकोनी टोक व्हाइसमध्ये असे पकडावे, की दांडा जमिनीशी समांतर राहील व पाना आवळण्याच्या दिशेने खाली ओढला जाईल. टोकाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते ४० सेंटिमीटर आहे असे समजू. पाना ८० न्यूटन-मीटरवर लावावा आणि मुठीच्या मध्यावर शिक्क्याची वजने हळूहळू वाढवीत टांगावीत. ०.४० मीटर अंतरावर ८० न्यूटन-मीटरसाठी सुमारे २०.४ किलो भार लागतो. ४ टक्क्यांची सूट धरता १९.६ ते २१.२ किलोच्या दरम्यान 'टक्' झाले तर पाना ठीक आहे असे समजावे.

या हिशेबात पान्याचे स्वतःचे वजनही धरावे लागते. त्यासाठी पाना व्हाइसमधून काढून आडवा धरावा. चौकोनी टोक एका आधारावर टेकवावे, मुठीचा मध्य काट्यावर ठेवावा आणि काट्याने दाखविलेले वजन टांगलेल्या वजनात मिळवावे. काट्याने ०.६ किलो दाखविले आणि १९.८ किलो टांगल्यावर 'टक्' झाले तर एकूण भार २०.४ किलो धरावा. वजने ज्या दोरीत अथवा पिशवीत टांगली असतील तिचे वजनही मिळवावे. परीक्षा तीन वेळा घ्यावी. तीन वेळा तीन वेगळे आकडे आले किंवा ते सुटीबाहेर गेले तर तो पाना कामास लावू नये व घरच्या घरी उघडूही नये. तो प्रयोगशाळेकडे पाठवावा. परीक्षेच्या वेळी पाय टांगलेल्या वजनाखाली ठेवू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्र पाना घेण्याची जरुरी नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांतून अनेक ठिकाणी गटांच्या औजार बँका उभ्या राहिल्या आहेत. अशा बँकेत एक मध्यम मापाचा पाना, योग्य सॉकेट, तारेचा ब्रश आणि गटातील यंत्रांच्या पुस्तिका एकत्र ठेवाव्यात. एका वहीत तारीख, यंत्र, कोणता भाग, लावलेला आकडा व आवळणाऱ्याचे नाव यांची नोंद करावी. त्याच वहीत पान्याच्या प्रमाणनाची तारीखही लिहावी. पाना सांभाळण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी, कारण सर्वांचे म्हटलेले अवजार कोणीच जपत नाही.

गावात या विषयाची गोडी लावण्यास एक प्रात्यक्षिक पुरेसे आहे. व्हाइसमध्ये एक जुना जाड बोल्ट पकडावा व दांडीचा पाना आणावा. पट्टी फडक्याने झाकून पाच-सहा जणांस, 'आपल्या अंदाजाने ८० न्यूटन-मीटर जोर लावा' असे सांगावे आणि प्रत्येकाचा आकडा एकाने वाचून फळ्यावर लिहावा. ट्रॅक्टर चालविण्यात वर्षे घालविलेल्या माणसांचे आकडेही एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. फळ्यावरील तो फरक पाहिल्यावर अधिक व्याख्यानाची गरज उरत नाही.

२०१६ मध्ये जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकामागे ठिबकचे पाणी मोजून देणारा, खताची मात्रा मोजून देणारा व घडाचे वजन मोजून घेणारा शेतकरी उभा आहे. त्याने ट्रॉलीच्या चाकाचा नटही मोजून आवळावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. कांदेबागेचा अथवा मृगबागेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस राखून ठेवावा, पाना तपासावा, पुस्तिका काढावी आणि ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या सर्व चाकांचे नट ठरलेल्या आकड्याने आवळून वहीत नोंद करावी.